आठ वर्षांची अट

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल जन्माला आलं की बारशाच्या आगेमागेच त्याच्या नावानं एक खातं उघडलं जातं. त्याला म्हणतात ‘५२९’. कॉलेजसाठी साठवलेल्या पैशाच्या वाढीला आयकर कायद्याच्या ज्या कलमानं सूट दिली, त्या कलमाचा हा आकडा. आईबाप महिन्याच्या महिन्याला त्यात पैसे टाकतात, वर्षअखेरीला शिल्लक बघतात आणि समाधानानं झोपतात. कॉलेजं मात्र झोपत नाहीत; ती त्याच काळात फी वाढवत असतात. अठरा वर्षांनी शिल्लक आणि फी समोरासमोर उभ्या राहतात, तेव्हा कोण पुढे गेलंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्यामुळे कुठे स्कॉलरशिपचा विषय निघाला की इकडचा मराठी बाप हातातलं काम टाकून ऐकू लागतो. त्यात आमच्या पिढीला स्कॉलरशिपचं बाळकडू चौथीतच मिळालेलं. चौथीला आणि सातवीला ती परीक्षा असे. शाळा सुटल्यावर जादा तास, जाडजूड मार्गदर्शक आणि बुद्धिमत्ता चाचणीचा तो पेपर, ज्यात घड्याळ आरशात बघून किती वाजले ते सांगावं लागे. मिळणारी रक्कम पेढ्यांनाही पुरत नसे, पण नाव शाळेच्या फळ्यावर लागे आणि ते पुसायचा धीर कोणाला होत नसे. त्या स्कॉलरशिपनं आमच्याकडून परत मात्र काहीच मागितलं नाही. सरकारनं पैसे दिले, आम्ही घेतले, पुढे इंजिनिअर झालो आणि न्यू जर्सीला आलो. सरकारनंही कधी ‘कुठं असतोस रे बाबा हल्ली?’ म्हणून चौकशी केली नाही.

आमची धाकटी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेज तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे शनिवारी-रविवारी धुवायचे कपडे घेऊन घरी येते. पहिल्या सेमिस्टरला विषय निवडताना तिला यादीत मिलिटरी सायन्स दिसलं. थोड्या क्रेडिटचा विषय, वेळ सोयीची. पहिली दोन वर्षं तो कोणालाही घेता येतो, घेतला म्हणून सैन्यात जावं लागत नाही, असं तिनं सांगितलं. आम्हाला वाटलं, पीटीचा तास असेल. ‘घे, तेवढाच व्यायाम,’ असं म्हणून आम्ही मोकळे झालो.

जानेवारीत, सुट्टी संपायच्या आदल्या रात्री, भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, “मी आर्मीच्या स्कॉलरशिपला अप्लाय करतेय. उरलेल्या तीन वर्षांची फी ते भरतील. मग मी ऑफिसर.”

मी विचारलं, “किती?”

बायको म्हणाली, “आधी जेवून घे.” आमच्या घरात एखाद्या गोष्टीला नकार द्यायची ही जुनी रीत आहे.

सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली माझी आई शांतपणे म्हणाली, “कुठली पलटण?”

आईच्या माहेराहून आपशिंगे गाव जवळ. त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं, एसटीच्या पाटीवरसुद्धा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. घरटी एक माणूस सैन्यात, हा तिकडचा रिवाज. आईच्या लहानपणी मुलगा पलटणीत गेला ही बातमी मुलगा नोकरीला लागला याच चालीवर सांगत. काळजी असे, पण अचंबा नसे. ‘तुला सैन्यात का जायचंय?’ असं कोणी त्या पोरांना विचारलं नसावं. शेताचा तुकडा केवढा आणि खाणारी तोंडं किती, हे ज्याला ठाऊक त्याला कारण विचारायची गरज नव्हती. त्यामुळे नातीनं जेव्हा सांगितलं की मला ‘का जायचंय’ यावर निबंध लिहायचाय, तेव्हा आईनं चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं. “आणि तो चांगला लिहिला नाही तर?” “तर घेणार नाहीत.” आईला अमेरिकी सैन्याची काळजी वाटू लागली.

मी आपला जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडायला बसलो. पूर्ण ट्यूशन फी ते भरणार. ती नको असेल तर त्याऐवजी राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत. पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर. कॉलेज चालू असेपर्यंत दर महिन्याला हातखर्चाला ४२० डॉलर. पाकीट भरलं. मग ते उलटं करून मी या प्रकाराची कुळकथा शोधू लागलो, कारण एवढे पैसे कोणी देत असेल तर त्याचं घराणं पाहून ठेवावं, हा आपल्याकडचा शहाणपणा.

घराणं जुनं निघालं. १८१९ साली कॅप्टन ऑल्डन पार्ट्रिज नावाच्या गृहस्थांनी व्हरमाँटमधल्या नॉर्विचला एक शाळा काढली. नागरिकानं पुस्तकी विद्येबरोबर सैनिकी विद्याही शिकावी, असं त्यांचं मत. पुढे यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६२ साली, मॉरिल कायदा झाला. संघराज्यानं राज्यांना जमिनी दिल्या आणि सांगितलं, यातून कॉलेजं काढा. शेती शिकवा, यंत्रविद्या शिकवा आणि सैनिकी डावपेचही शिकवा. आमच्या न्यू जर्सीत तो मान रटगर्सला मिळाला. १९१६ च्या कायद्यानं या सगळ्याला रीतसर रूप आलं आणि ‘रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’ म्हणजे आरओटीसी जन्माला आली. स्कॉलरशिप आली ती १९६४ च्या कायद्यानं. म्हणजे आधी शंभरावर वर्षं विद्या फुकट घ्या म्हणून सांगून पाहिलं आणि मग फी भरायचं ठरवलं. कॉलेजच्या पोरांची पारख व्हायला सरकारलाही वेळ लागतो.

बायकोला पटवायला मी कॉलिन पॉवेल यांना मैदानात उतरवलं. जमैकाहून आलेल्या आईबापांचा मुलगा, वडील न्यू यॉर्कच्या कपड्यांच्या धंद्यात कामाला, आई शिवणकाम करणारी. मुलगा सिटी कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला, रमला नाही; मग भूगर्भशास्त्र घेतलं, तिथेही फारसा चमकला नाही. चमकला तो आरओटीसीच्या परेडवर. १९५८ साली सेकंड लेफ्टनंट झाला, पुढे जनरल, सैन्यदलांच्या प्रमुखांच्या समितीचा अध्यक्ष आणि शेवटी परराष्ट्रमंत्री. मी अगदी रंगून सांगत होतो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे इंजिनिअरिंग सोडलंच की त्यानं.”

माझ्या मनात सैनिकी शिक्षणाचं जे चित्र होतं ते एनसीसीचं. एनसीसी १९४८ सालची. चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ पासून ती कॉलेजांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. माझे वडील सक्तीच्या काळातले. त्यांच्या आठवणीत देशरक्षणापेक्षा बूट जास्त येत, कारण वाटपाला आलेल्या बुटांच्या मापाचा आणि साताऱ्याच्या पायांच्या मापाचा काही संबंध नसे. मी ऐच्छिक काळातला. रविवारी सकाळी परेड, ब्रासोनं घासून चमकवलेलं बक्कल, इस्त्रीच्या कडक घडीची खाकी आणि शेवटी मिळणारं रिफ्रेशमेंट. हुकूम हिंदीत. ‘दाहिने मुड’ ऐकलं की आम्ही आधी शेजारच्याकडे बघत असू आणि मग वळत असू. शेजारचा आमच्याकडे बघत असे. ‘बी’ सर्टिफिकेटपर्यंत मजल गेली. ते सर्टिफिकेट अजून फायलीत आहे आणि त्यानं आजवर माझ्याकडे काहीही मागितलेलं नाही. तेव्हा धाकटीची आरओटीसीही साधारण अशीच असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग फॉर्म यायला लागले.

त्यातला मला सर्वांत आवडलेला म्हणजे १०४-आर. पदवी मिळेपर्यंत कोणत्या सेमिस्टरला कोणता विषय घेणार, प्रत्येकाचे क्रेडिट किती, बेरीज किती, हे सगळं त्यात भरायचं. मग कॉलेजच्या सल्लागारानं त्यावर सही करायची आणि मिलिटरी सायन्सच्या प्राध्यापकांनीही. हे प्राध्यापक म्हणजे हाडाचे लेफ्टनंट कर्नल. जी मुलगी दुपारी पास्ता खायचा की वरणभात, यावर फ्रीजचं दार उघडं ठेवून विचार करते, तिनं आमच्या डायनिंग टेबलावर बसून लिहून दिलं की तिसऱ्या वर्षाच्या वसंतात मी मृदा यांत्रिकी घेईन. मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. हेच आम्ही तिला बारावीपासून विचारत होतो. आम्ही विचारलं की तो दबाव होतो. सैन्यानं विचारलं की तो फॉर्म होतो.

बायकोची आशा वैद्यकीय तपासणीवर होती. तिनं तसं बोलून दाखवलं नाही, पण पोरीच्या जन्मापासूनची फाइल कपाटातून काढून ठेवली. या तपासणीचा निकाल संरक्षण खात्याचं एक मंडळ कोलोरॅडोत बसून देतं. आधी भलीमोठी प्रश्नावली. कधी चक्कर आली होती का, झोपेत चालता का, कशाची ॲलर्जी, हाड मोडलं होतं का. त्यात कळीचा प्रश्न दम्याचा. सहाव्या वर्षी धाकटीला वाफ द्यायचं यंत्र घरात आणलं होतं, हे बायकोला पक्कं आठवत होतं. प्रामाणिकपणे लिहायलाच हवं, असं ती म्हणाली. इतका प्रामाणिकपणा तिनं आयकराच्या फॉर्मलाही कधी दाखवलेला नाही. पण नियम असा की तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा आडवा येतो, त्याआधीचा नाही. तेरा पुरी व्हायच्या आत जे झालं ते बालपण आणि नंतर जे झालं ते वैद्यकीय कारण. मंडळानं कळवलं, तेराव्यानंतर त्रास नव्हता याचे कागद पाठवा. असे कागद सहसा कोणाकडे नसतात. आमच्याकडे होते, वर्षावार लावलेले, डॉक्टरांच्या सहीचे. बायकोच्याच फाइलनं पोरीला पात्र ठरवलं. ती फाइल तिनं नंतर जरा जोरातच कपाटात ठेवली.

शारीरिक चाचणीचा सराव घरी चाले, आणि तो आमच्या गल्लीला फुकट बघायला मिळे. चाचणीत पाच प्रकार. वजन उचलणं, जोर, हातांवर आणि पायाच्या बोटांवर ताठ धरून राहायचं ते प्लँक, दोन मैलांची धाव, आणि एक प्रकार असा की ज्यात पळायचं, मग ९० पौंडांची घसरगाडी ओढायची, मग आडवं पळायचं, मग दोन्ही हातांत ४०-४० पौंडांची वजनं घेऊन पळायचं आणि शेवटी नुसतंच पळायचं. आता घरात अशी वजनं कुठून आणणार? पण मराठी घरात वजनदार वस्तूंची वाण नसते. सोना मसुरीची २० पौंडांची पोती कोठीत होती. ती दोन-दोन एकत्र बांधून तिनं हातात घेतली. बर्फावर खेळायची लहानपणीची गाडी गॅरेजमधून काढली, तिच्यात तूरडाळ, कणीक आणि माझी जुनी पुस्तकं भरली आणि दोर बांधून ड्राइव्ह-वेवरून ओढायला सुरुवात केली. खिडकीतून आई बघत होती. म्हणाली, “पोती वाहायलाच लावायची होती, तर एवढी फी कशाला भरली?” शेजारच्या आजोबांनी मदत हवी का म्हणून विचारलं, त्यांना वाटलं, आमची गाडी बंद पडल्यामुळे आम्ही पोरीकडून किराणा आणवतोय.

त्याच सुमाराला पुण्यात माझा भाचाही ऑफिसर व्हायच्या मागे लागला होता. तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट मिळवलेला. आपल्याकडे ते सर्टिफिकेट असलं की लेखी परीक्षा टळते आणि उमेदवार थेट एसएसबीच्या मुलाखतीला जातो. त्याला भोपाळचं बोलावणं आलं. मुलाखत म्हणायची, पण ती चालते पाच दिवस. छातीवर नंबर, पडद्यावर अंधूक चित्र तीस सेकंद, त्यावर गोष्ट लिहायला चार मिनिटं. पंधरा-पंधरा सेकंदांना एकेक शब्द आणि त्यावर सुचेल ते वाक्य. मग मैदानात फळी, ओंडका आणि दोर घेऊन सगळ्यांनी मिळून अडथळा ओलांडायचा. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. त्यात निवडले गेले नाहीत तर दुपारी सामान उचलायचं. दोघं भावंडं व्हिडिओ कॉलवर नोट्स जुळवत बसत. “तुला निबंधाला किती वेळ?” त्यानं विचारलं. “दोन आठवडे.” तो काही क्षण गप्प झाला. “अगं, दोन आठवड्यांत मी देशावर किती प्रेम करतो हे मलाही खोटं वाटायला लागेल. चार मिनिटंच बरी.” भाचा पहिल्या दिवशीच परत आला. स्टेशनवरूनच त्यानं फोन करून सांगितलं, पुन्हा बसणार आहे. त्याच्या आवाजात पराभव शोधायचा मी प्रयत्न केला. सापडला तो भोपाळच्या पोह्या-जिलबीचा उल्लेख.

धाकटीनं निबंध आम्हाला दाखवला नाही. मी तीन-चार मुद्दे सुचवले, तेही भारदस्त. तिनं ते लिहून घेतले आणि कुठंही वापरले नाहीत. शेवटी आजीनं विचारलं तेव्हा ती थोडंसं बोलली. एका शनिवारी त्यांना जंगलात नकाशा आणि होकायंत्र देऊन सोडलं होतं. चार जणांची तुकडी हिच्या हवाली. हिनं दिशा चुकवली. सगळे मुकाट हिच्यामागून चालत राहिले आणि एका ओढ्यात जाऊन थांबले. कसेबसे परत आल्यावर सार्जंटनं विचारलं, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? “कोणी ओरडलं नाही, आजी. मार्कही कापले नाहीत. फक्त, ते तिघं माझ्यामुळे भिजले होते, एवढं मला दिसत होतं. मला अजून असं कोणी काही दिलं नव्हतं.” आईनं मान डोलावली. मी निमूटपणे माझे भारदस्त मुद्दे खिशात घातले.

बातमी इकडच्या मराठी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला विचारलं गेलं, “अगं, पण ती हुशार होती ना?” एकीनं धीर दिला, “माझा भाऊ पण लहानपणी असंच म्हणायचा.” पुरुषांच्या घोळक्यात मला पाठीवर थापा मिळाल्या, त्याही अशा की जणू मीच मोहिमेवर निघालोय. पाडव्याच्या कार्यक्रमात पोवाडा झाला तेव्हा तीन-चार जणांनी वळून आमच्याकडे बघितलं. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असं आपल्याकडे म्हणतात. अडचण एवढीच की शेजाऱ्यांच्या लेखी शेजारचं घर आपलंच असतं.

एकानं मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, “पण सैन्यात जाण्याची आपल्याला काय गरज?” त्यांना उत्तर देताना मला एक जुनी सकाळ आठवली. इकडचं नागरिकत्व घेताना सगळ्यांनी उजवा हात वर करून शपथ म्हणायची असते. तिच्यात स्वच्छ म्हटलंय की कायद्यानं सांगितलं तर या देशासाठी शस्त्र हाती घेईन. तुम्ही, मी, आपल्या दोघांच्या बायका, मंडळाचे खजिनदार, सगळ्यांनी ते वाक्य खणखणीत आवाजात म्हटलंय. मग छोटा झेंडा घेऊन फोटो काढले आणि जेवायला डोशाच्या हॉटेलात गेलो. न्यायाधीशांनाही ठाऊक असावं की ही मंडळी शस्त्र म्हणून फार तर कीबोर्ड उचलतील. आमच्या पोरीला ती शपथ घ्यावीच लागली नव्हती, ती इथं जन्मून नागरिक झाली. आणि तिनंच नेमकं ते वाक्य उचललं, तेही सगळे तपशील वाचून. गृहस्थांनी विषय बदलून नवीन पार्किंगच्या नियमांवर नेला.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. स्कॉलरशिप मिळाली. पत्रामागोमाग कराराचा मसुदा आला आणि आमच्या घरात प्रथमच कोणीतरी करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पदवीनंतर एकूण ८ वर्षांची सेवा. साधारणपणे त्यातली ४ पूर्णवेळ आणि उरलेली राखीव दलात. किंवा नोकरी-धंदा सांभाळून आठही वर्षं रिझर्व्ह वा नॅशनल गार्डमध्ये. मध्येच सोडून गेलीस, तर भरलेली फी परत कर, नाहीतर साधी सैनिक म्हणून सेवा दे, हेही लिहिलेलं. आडपडदा नाही, बारीक टाइप नाही.

बायको हबकली. आठ वर्षं! आजीनं बोटांवर हिशेब केला आणि तिशीला येऊन थांबली. मला मात्र त्या कागदाचं कौतुक वाटू लागलं होतं. बाँड आपल्याला काही नवा नाही. पुण्याच्या एएफएमसीत डॉक्टर होणाऱ्या मुलांकडून सैन्यदल बाँड लिहून घेतं. सरकारी मेडिकल कॉलेजातून बाहेर पडणाऱ्याला वर्षभर सरकारी दवाखान्यात सेवा करावी लागते, नाहीतर दंड भरून सुटका करून घ्यावी लागते, आणि तो दंड कोणी भरला याची चर्चा पुढे लग्नाच्या बोलण्यांतही निघते. पण त्या सगळ्या बाँडांत एक मोठेपणा आहे. काय दिलं, काय हवं आणि कधी संपलं, हे तिन्ही तिथं लिहिलेलं असतं.

आम्ही दिलं त्याचं तसं नाही. ५२९ मध्ये दरमहा पडलेला प्रत्येक डॉलर बिनअटीचा होता, असं आम्ही कोणालाही शपथेवर सांगू. तरी मनात एक मसुदा होताच. सिव्हिल घेतलंस, चालेल, एमएस कर, नोकरी शक्यतो न्यू जर्सीत, फार तर पेनसिल्व्हेनियात, घरी फोन कर, मेसेज नको, आणि आम्ही म्हातारे झालो की आमच्या जवळपास घर घे, पण आम्ही कधी तसं म्हटलं नव्हतं हेही लक्षात ठेव. माझ्या वडिलांनीही मला शिकवताना असाच एक मसुदा मनात ठेवला असणार. तो मी मोडला, न्यू जर्सीत राहून मोडला, आणि त्याचा दंड किती हे मला आजतागायत कोणी सांगितलं नाही; मी आपला दरवर्षी तिकिटं काढून हप्ते भरतोय. मुदत कधी संपणार ते आईला विचारायची माझी हिंमत नाही. आई इथं सहा महिने येऊन राहते, ती बहुधा वसुलीलाच.

हे सगळं मी बोललो नाही, पण धाकटीनं कसं कोण जाणे ओळखलं. करारावर सही करायच्या आधीच्या रविवारी तिनं प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “आता तुमचंही लिहून द्या. काय काय हवंय आणि किती वर्षं.”

आम्ही हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. ती पेन घेऊन बसली. मग बायकोनं सुरुवात केली. आठवड्यातून एकदा फोन; जंगलात असली तर परत आल्यावर. गणपतीला घरी, सुट्टी मिळाली तर. सुट्टी मागितली होती याचा पुरावा चालेल. मी म्हटलं, एमएस. ती म्हणाली, सैन्यातून करता येतं, ते कलम मंजूर. आजीनं लग्नाचा मुद्दा काढला, तो दोन फेऱ्यांच्या चर्चेनंतर ‘इच्छा’ या सदराखाली गेला, ‘अट’ या सदराखाली नाही. त्याची भरपाई म्हणून आजीला एक मान देण्यात आला. कमिशन मिळालं की नवा ऑफिसर पहिली सलामी देणाऱ्या सैनिकाला चांदीचा डॉलर देतो, अशी तिकडची रीत. तो डॉलर आजी देणार. आजी म्हणाली, डॉलर कशाला, माझ्याकडे राणीछाप रुपया आहे, चांदीचा. इंग्रजांना हाकलून स्वतंत्र झालेल्या देशाच्या सैनिकाला व्हिक्टोरियाचं नाणं चालेल का, हा प्रश्न तूर्त कर्नलसाहेबांकडे पाठवायचं ठरलंय.

शेवटचा रकाना मुदतीचा. तिथं गाडी अडली. बायकोला तो रिकामाच ठेवायचा होता. धाकटी म्हणाली, मुदत नसलेल्या कागदावर मी सही करत नाही. आर्मीसुद्धा तसं मागत नाही. बराच वेळ खल झाला. शेवटी बायकोनं पेन घेतलं, सैन्याइतकंच म्हणून ‘८ वर्षे’ लिहिलं, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून त्याच्यापुढे ‘नूतनीकरणास पात्र’ असं जोडलं. धाकटीनं सैन्याच्या करारावर सही केली आहे. आमच्या करारावर अजून केलेली नाही. नूतनीकरण दोन्ही पक्षांच्या संमतीनं की एकाच्याच, यावर बोलणी चालू आहेत आणि तिचा पक्ष मजबूत आहे.